कोपरा कापलेली कार्डं

माझा स्वभाव संशयी आहे हे आधीच कबूल केलेलं बरं. दूधवाला हसून नमस्कार करू लागला की मी त्या दिवशी दूध दोनदा निरखून पाहतो. बायको आमच्या अहिराणीत म्हणायची, "तुम्ही देवळमा बी चपलास्कडे देखीसन हात जोडतस." खोटं नव्हतं. चपला मात्र माझ्या एकदाही चोरीला गेल्या नाहीत, हे मी तिला दरवेळी ऐकवायचो.

मी शहाद्याला इंग्रजी शाळेत मास्तर होतो तेव्हाची ही गोष्ट, तिसाव्या सालानंतरची. त्याआधी पुण्यात एक वर्ष कॉलेजात काढलं होतं. तिथे एका मित्राच्या रॅकेटवर टेनिस शिकलो, आणि हाताला जरा वळण लागतं न लागतं तोच वडील गेले म्हणून परत यावं लागलं. शहाद्यात कापूस होता, भुईमूग होता, केळी होती, टेनिसचं जाळं मात्र पंचक्रोशीत नव्हतं. जो खेळ खेळता येत नाही आणि बघताही येत नाही, त्याचं वेड कसं लागतं ते मला विचारू नका. लागलं होतं. जूनच्या अखेरीस विम्बल्डनची स्पर्धा सुरू झाली की दोन आठवडे मी शहाद्यात फक्त अंगानं असायचो.

विम्बल्डनला माझा एक आवडता गडी खेळायचा. लहानशा देशातला, डावखुरा. त्याचा फोटो मी एकदाच पाहिला होता, तोही रुपयाएवढा, तोंड उघडं पडलेला. दरवर्षी हा भला माणूस तिसऱ्या नाहीतर चौथ्या फेरीत हरायचा. पण हरायचा तो पाच सेट झुंजून, म्हणून माझा जीव त्याच्यावर. घरातही त्याचीच चर्चा. आई म्हणायची, "त्या डावखुराले घर-संसार शे का नही? दोन दोन आठवडा नुसता चेंडू हाणस." बायकोला मी पंधरा, तीस, चाळीस असे गुण कसे मोजतात ते समजावलं, तर ती म्हणाली, "पंधरा, तीस, मंग पंचेचाळीस पाहिजे. पाच कोठे गयात?" ते पाच कुठे गेले ते मला आजतागायत कळलेलं नाही. इंग्रजांच्या व्यवहाराबद्दलचा माझा संशय तिथूनच सुरू झाला.

बातमी मिळवायची म्हणजे मोठी यातायात होती. गावात इंग्रजी पेपर एकट्या मामलेदारांकडे यायचा. त्यांच्या घरून तो कचेरीत, कचेरीतून वाचनालयात, असा आठवडा जायचा. म्हणून मी मुंबईच्या मेहुण्यांना, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला गळ घातली. ते मुंबईतच जन्मले-वाढलेले, एका कचेरीत कारकून, आणि माझ्याइतकेच टेनिसवेडे. सकाळच्या पेपरात निकाल वाचायचा, दुपारी एक कार्ड लिहायचं आणि पेटीत टाकायचं. दिवसभर इंग्रजी खरडून सवय झालेली, त्यामुळे कार्डही इंग्रजीत. ते गाडीनं नंदुरबारला यायचं, प्रकाशा गावापाशी नावेतून तापी ओलांडायचं आणि तिसऱ्या दिवशी आमच्या ओट्यावर पडायचं.

ओट्यावर ते आणून देणारा पोस्टमन पन्नाशी उलटलेला, गावचाच. माझ्या ताईला त्यानं परकर-पोलक्यात पाहिलेली. ती लग्न होऊन मुंबईला गेल्यापासून तिचं प्रत्येक पत्र त्याच्याच हातून आमच्या घरी आलेलं. आईला पत्र वाचता यायचं नाही, पण त्याच्या चेहऱ्यावरून ती आधीच ओळखायची की मुंबईचं आलं.

त्या वर्षी माझा डावखुरा तिसरी फेरी पार करून गेला. मला कार्ड मिळण्याच्या आदल्या दिवशीच गावातल्या वकिलांनी मला रस्त्यात गाठलं. गावात टेनिस कळणारे आम्ही दोघंच, आणि ते एका इंग्रज खेळाडूच्या बाजूचे. म्हणाले, "काय मास्तर, वाचला तुमचा डावखुरा. पाचव्या सेटला तुमचा जीव टांगणीला लागला असेल."

माझ्या मनात पाल चुकचुकली. यांना पाचवा सेट कसा कळला? कार्ड म्हणजे उघडं टपाल. पोस्टात आलं असेल, वकिलांनी तिथे ओझरतं वाचलं असेल किंवा पोस्टमननं त्यांच्या हातात दिलं असेल आणि मला एक दिवस उशिरा आणून दिलं असेल. सुतावरून स्वर्ग गाठायला मला तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी कार्ड आलं तेव्हा मी पोस्टमनसमोरच त्यावरचा शिक्का तपासला. शिक्का पुसट होता. तो पुसट का, यावरही मी संध्याकाळभर विचार केला.

मग मी एक युक्ती काढली. पावसानं चौथी फेरी लांबल्याचं कार्डात होतंच, तेव्हा लगेच मेहुण्यांना लिहिलं: नुसते आकडे लिहा, कोण जिंकला ते लिहू नका. डावखुरा जिंकला तर कार्डाचा एक कोपरा कात्रीनं कापा, हरला तर कार्ड अख्खं पाठवा. आगगाडीचा तिकीट-तपासनीस तिकिटाला चिमटा मारतो, त्यावरून मला हे सुचलं होतं. वकिलांनी कार्ड शंभर वेळा वाचलं तरी त्यांना काही कळणार नव्हतं. मी स्वतःवर इतका खूश झालो की त्या रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

आमच्याकडे मयताची बातमी कळवायची असली की कार्डाचा कोपरा फाडून पाठवतात. असं कार्ड घरात आणत नाहीत. बाहेरच वाचतात आणि तिथल्या तिथे फाडून टाकतात. हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? माझ्या वडिलांच्या वेळी अशी पंधरा कार्डं मी स्वतः कोपरे फाडून टाकली होती. पण त्या आठवड्यात माझ्या डोक्यात वकील होते, पोस्टमन होता, पुसट शिक्का होता. रिवाजाला जागा नव्हती. आणि मेहुणे मुंबईचे, त्यांच्या कानावर हा रिवाज कधी आलेलाच नव्हता.

पुढची कार्डं आलीच नाहीत. चौथ्या फेरीचं अख्खं कार्ड नाही, कापलेलंही नाही. तापीला पूर असता तर समजलो असतो, पण नाव चालू होती. इतरांचं टपाल येत होतं, शाळेचं येत होतं. मामलेदार धुळ्याला गेले होते आणि त्यांचे पेपर कचेरीत कुलपात पडले होते. वकिलांना विचारायचं तर माझा जीव गेला असता तरी विचारलं नसतं. ते समोरून दिसले की मी बोळात शिरायचो. एकदा तोंडासमोर आले, तर मान खाली घालून गेले. चोराच्या मनात चांदणं, मी म्हटलं.

पोस्टमनचं वागणंही बदललं होतं. आमच्या ओट्यापाशी येऊन तो थांबायचा, आत डोकावायचा आणि "काही नही आज" म्हणून निघून जायचा. आत बायकोचे दिवस भरत आले होते. आई तिच्या पाठीशी बसून असायची. एकदा तो मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकापाशी येऊन उभा राहिला. माझ्याकडे पाहत होता. मी पाहिलं की नजर फिरवायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आता हा माझ्यावर पाळत ठेवायला लागला, असं मला वाटलं आणि माझं डोकं फिरलं. एरवी मी त्याच्याशी अहिराणीत बोलायचो, त्या दिवशी शाळेतली मराठी काढली. "इथे काय काम आहे तुमचं? टपाल असेल तर द्या, नसेल तर आपल्या वाटेनं जा." वर्गातली पोरं खिडकीला चिकटली होती.

"काही नही मास्तर. आसाच उनथू," तो म्हणाला आणि गेला.

त्याच दुपारी मी अर्ज लिहिला. पोस्टाचे इन्स्पेक्टर तपासणीसाठी नंदुरबारला आलेले होते. माझं टपाल दाबून ठेवलं जातं, ते परक्या माणसाला दाखवलं जातं, असं मी चांगल्या इंग्रजीत लिहिलं. एक वाक्य तर मी दोनदा खोडून अधिक धारदार केलं.

चार दिवसांनी इन्स्पेक्टर शहाद्याला आले आणि मला पोस्टात बोलावणं आलं. पोस्टमन खांबाला टेकून उभा होता. साहेबांनी विचारलं, या मास्तरांच्या नावाची कार्डं आली होती का?

"व्हय साहेब. चार."

"मग दिली का नाहीत?"

तो खांबापासून बाजूला झाला. बाहेरच्या ओसरीत गेला, वाशात खोचलेली एक कापडी पुरचुंडी काढली आणि साहेबांपुढे ठेवली. "आसं कार्ड घरमा लई जातस नही," तो म्हणाला. "पोस्टमा बी ठेवं नही मी. बाहेरच ठेवं."

साहेबांनी कार्डं टेबलावर मांडली. मुंबईहून आलेली चार कार्डं, चारही कार्डांचे कोपरे कात्रीनं नीट कापलेले. त्यांनी आकडे मोठ्यानं वाचले. सिक्स-फोर, थ्री-सिक्स, सेव्हन-फाइव्ह. चौथी फेरी, मग पुढची, मग उपांत्य, मग अंतिम. चार कोपरे म्हणजे चार विजय. माझा डावखुरा विम्बल्डन जिंकला होता.

मला आधी आनंद झाला. एक क्षणभर त्या खोलीत दुसरं काहीच नव्हतं. ती गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, कारण त्यानंतर पोस्टमन जे बोलला ते ऐकून मला तो आनंद आठवायचीही लाज वाटते.

"पहिलं उनं तव्हय कोपराच देखा मी, साहेब," तो सांगत होता. "मुंबईथून, विंग्रजीमा, माले वाचता येस नही. ताईनं मराठी पत्र महिनाभर नही. मी समजनू ताई गयी. मंग दुसरं उनं. मंग तिसरं. म्हटलं मुंबईमा काय पटकी उनी का, आख्खं घर चालनं. मास्तरना घरमा सून अवघडेल, म्हातारीनी एकुलती एक पोर. कसं देऊ मी त्या ओटावर? मास्तरले एकलं गाठी सांगू म्हटलं, दोन दिन शाळामा गऊ. हिंमत व्हयनी नही." मग तो माझ्याकडे वळला. "मास्तर, ताई शे ना?"

"शे," मी म्हणालो. "मजामा शे."

तो खांबाशी खाली बसला आणि टोपी तोंडावर धरली.

मी तिथल्या तिथे अर्ज मागे घेतो म्हणालो. साहेब वाईट माणूस नव्हते. ते मला इंग्रजीत म्हणाले, अर्ज तुमचा होता, पण कबुली त्याची आहे आणि ती माझ्यासमोर झाली आहे. टपाल दाबून ठेवणं म्हणजे दाबून ठेवणं, कारण कुठलंही असो. नंतर मी धुळ्याला दोन चकरा मारल्या, वरिष्ठांना पाच पानांचं पत्र लिहिलं. वकिलांनीच ते नीट करून दिलं. त्यांना पाचवा सेट कसा कळला होता तेही तेव्हाच समजलं: एका खटल्यासाठी ते नंदुरबारला ये-जा करत होते आणि स्टेशनावर प्रवाशांचे पेपर चाळत होते. त्या दिवशी मान खाली का घातलीत, असंही मी विचारलं. म्हणाले, "माझा इंग्रज हरला होता ना मास्तर, तुमच्याच गड्याकडून."

श्रावण संपता संपता हुकूम आला. पोस्टमनची नोकरी गेली. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती, पेन्शनही गेलं. तो मुलाबरोबर शेतावर जायला लागला. मला रस्त्यात भेटला की रामराम करायचा. त्या रामरामात काही आहे का, म्हणून मी किती दिवस त्याचा चेहरा न्याहाळत होतो. काही नव्हतं. मला तेही सहन होत नव्हतं.

दिवाळीला ताई आली. तिसऱ्या दिवशी सकाळी पोस्टमन आमच्या ओट्यावर येऊन बसला. ताई पाणी घेऊन बाहेर आली, पाठोपाठ माझ्या तीन महिन्यांच्या लहानग्यालाही घेऊन आली. त्यानं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "बरी शे ना माय?" "बरी शे काका." एवढंच बोलणं झालं आणि ती आत गेली.

मग तो मला हळूच म्हणाला, "मास्तर, एक इचारू? त्या कार्डंमा लिखेल काय व्हतं?"

त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. साहेबांचं आणि माझं सगळं बोलणं इंग्रजीत झालं होतं, आणि हुकूमही इंग्रजीत. कसल्या कार्डांपायी आपली नोकरी गेली ते त्या माणसाला माहीत नव्हतं. मी सांगायला लागलो. विलायतेत गवतावर मध्ये जाळं बांधतात, दोघं समोरासमोर उभे राहतात आणि चेंडू मारतात. त्यातला एक माझा आवडता. तो कोर्टातला निकाल ऐकावा तसा नीट ऐकत होता.

"म्हंजे तो गडी जिकना?"

"जिकना."

"चारही डाव?"

"चारही."

त्यानं बोटांवर चार मोजले. मग म्हणाला, "तर ती तुम्हना घरनी सुखनी बातमी व्हती. आनि मी दाबी ठेवी. चुकनं मन्हं, मास्तर."

आणि त्यानं माझ्यापुढे हात जोडले. ते हात धरून खाली करावेत, एवढंही मला त्या वेळी सुचलं नाही.