मकरपुऱ्याच्या शेडमधलं वृंदाचं टेबल

७ मार्च २०११, सोमवार. सकाळी बडोद्याला उतरलो. स्टेशनबाहेर चहा, मग रिक्षाने मकरपुरा. दिवसभर शेडमध्ये. संध्याकाळी रावपुऱ्यात सासुरवाडीला जेवलो.

जाणाऱ्यांसाठी आधी कामाचं सांगतो. औद्योगिक वसाहतीपर्यंतचं रिक्षाचं भाडं बसण्याआधी ठरवा. माणसं भरून नेणारी रिक्षा स्वस्त पडते, पण ती नाक्यावरच सोडते. सेव-उसळ सकाळी खा, तिखट तर्री वेगळी मागून घ्या. मार्चमध्ये ऊन चढायच्या आत काय ते बघून घ्या.

मी काही बघायला गेलो नव्हतो. माझी बायको वृंदा बडोद्याची. वडील थकल्यावर त्यांची शेड तीच चालवायची. मी पुण्यात नोकरीला, सुट्टीला एकमेकांकडे. दिवाळीनंतर ती वारली. आता तिचा धाकटा भाऊ श्रीरंग शेड बघतो. तिथे पंपांची बिडाची झाकणं बनतात. मोठं गिऱ्हाईक स्वस्त म्हणून चीनकडे गेलं होतं. तिकडचा माल उशिरा यायला लागला, तसं ते परत यायला तयार झालं. अट एकच: गुरुवारपर्यंत पहिली खेप पूर्ण हवी. नाही जमलं तर श्रीरंग शेड विकणार होता. कामात वेळ कुठे वाया जातो ते शोधणं हीच माझी नोकरी, म्हणून त्याने मला बोलावलं.

वेळ कुठे जातो ते पहिल्याच दिवशी दिसलं. तयार झाकणांचा ट्रे दाराजवळच्या टेबलावर यायचा आणि नुसता पडून राहायचा. मागचं काम तुंबायचं. मग कुणीतरी उठून ट्रे पुढे न्यायचा.

ते वृंदाचं टेबल. तिथे बसून ती छोट्या हातोडीने एकेक झाकण वाजवायची. चांगलं झाकण खणखणतं, तडा असेल तर बद्द वाजतं. हातोडी तशीच ठेवलेली होती.

"आता तपासतं कोण?" मी विचारलं.

"कुणी नाही," श्रीरंग म्हणाला. "पण भाऊजी, ताई गेल्यापासून तक्रार एकही नाही."

"मग ट्रे थांबतात कशाला?"

तो खाली बघत म्हणाला, "तुम्हीच सांगून बघा या माणसांना, ट्रे थांबवू नका म्हणून. माझ्याच्याने होत नाही."

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मशिनं बंद झाली. इलाबेन इथे वृंदाच्या आधीपासून कामाला आहेत. त्यांनी मला डब्यातलं मेथीचं ढेबरं दिलं. "खा जमाईराज. पुण्यात वाळलात तुम्ही."

तेवढ्यात टेबलाकडून आवाज आला. टण्. थोड्या वेळाने परत टण्. कुणी मान वर केली नाही. तापलेलं लोखंड गार होताना वाजतं, हे मला माहीत आहे. पण त्या ट्रेमधली झाकणं सकाळपासून गारच होती. मग एकदा बद्द आवाज आला. इलाबेन हात पुसत उठल्या, ट्रेमधून एक झाकण काढलं आणि भंगारात टाकलं. मी ते उचलून उजेडात धरलं. कडेला केसाएवढा तडा होता.

"वृंदाबेन तपासते," इलाबेन म्हणाल्या, आणि डब्याला झाकण लावलं.

मंगळवारी मोकळ्यावर विचार करायला बडोद्याजवळच्या पादऱ्याच्या बाजूला जाऊन आलो. रस्ता चांगला आहे, दोन्हीकडे भाजीची शेतं. डोक्यातून टेबल जात नव्हतं. तपासणी चुकीच्या टोकाला होती, हे वृंदा असतानाही मला दिसायचं. तडा गेलेल्या झाकणावर सगळी मशिनं राबायची आणि ते शेवटी फेकलं जायचं. ओतलेली कच्ची झाकणं मागच्या दाराने येतात तिथेच वाजवून घेतली तर वेळही वाचेल आणि मेहनतही. पण टेबल हलवायचं, आणि हातोडी कुणीतरी हातात घ्यायची.

बुधवारी सकाळी श्रीरंगने आणि मी टेबल उचलून मागच्या दाराशी नेलं. हातोडी घेऊन आधी मी बसलो. चार झाकणं वाजवली. मला चारही सारखीच वाटली. वृंदा माठ घेताना बोटाने वाजवायची, तेव्हाही मला फरक कळायचा नाही. ती हसायची.

"उठा जमाईराज," इलाबेन म्हणाल्या. "तुमच्या भरवशावर सगळेच पंप गळतील."

त्या बसल्या. टण्. मध्ये तेवढंच थांबून परत टण्. पाठ फिरवून ऐकलं असतं तर मला वृंदाच वाटली असती. ट्रे आता कुठेच अडत नव्हते. गुरुवारी दुपारी खेप टेम्पोत चढली. गिऱ्हाइकाचा माणूस माल मोजून म्हणाला, "पुढचं काम इथेच."

त्यानंतर जेवणाची सुट्टी झाली. मशिनं थांबली. सगळे डबे उघडून बसले, पण पहिला घास कुणी घेईना. टण् ऐकू आलं नाही, फक्त पंखा फिरत होता.

बऱ्याच वेळाने इलाबेन म्हणाल्या, "आता बेन घेर गेली, आपल्या घरी." मग त्यांनी घास घेतला, आणि सगळे जेवायला लागले.

शेड राहिली. श्रीरंगने स्टेशनवर लिलो चिवड्याचा, म्हणजे तिथल्या ओलसर हिरव्या चिवड्याचा, पुडा हातात दिला. "भाऊजी, काम नसलं तरी येत जा." मी हो म्हणालो.

बडोद्याहून काय आणावं असं वाचक विचारतात. मी तो चिवडा आणला, अजून फोडलेला नाही. जेवणाच्या सुट्टीतला तो आवाज मी बंद केला, हे मला माहीत आहे. पुन्हा गेलो असतो तरी टेबल हलवलंच असतं.

आज शनिवार. पुण्यातही ऊन वाढलंय. कोपऱ्यावर माठवाला बसला होता. एक माठ उचलून बोटाने वाजवला, दुसरा वाजवला. पहिला घेतला. घरी येऊन धुतला, पाण्याने भरला, वर ताटली झाकली आणि गळला तर दिसावं म्हणून खालची फरशी कोरडी पुसून घेतली.