उष्टी तार

"प्लास्टिक म्हणजे प्लास्टिक, सगळं एकच," असं आमच्या शेडात येऊन कुणी म्हणालं की माझं डोकंच फिरतं. अहो, ज्वारी आणि बाजरी एकच का? भाकरी तर दोन्हीचीही होते!

झरीच्या रस्त्याला आमचं पत्र्याचं शेड आहे. शेतातून निघालेलं टाकाऊ प्लास्टिक तिथं येतं. ठिबकच्या नळ्या, खताची पोती, तुटक्या खुर्च्या, काय वाट्टेल ते. आम्ही ते निवडतो, धुतो, कापतो आणि परभणीच्या कारखान्याला देतो. तिथं ते वितळवून त्याचा दाणा करतात आणि त्या दाण्याची पुन्हा नळी होते. पण निवडण्यात चूक झाली तर दाणाही गेला आणि नळीही गेली.

पहिली परीक्षा पाण्याची. टाकीत तुकडा टाकायचा. नळी आणि पोतं तरंगतं, पाण्याची बाटली आणि पीव्हीसी तळाला जातं. पण आत हवा अडकली की बुडणारंही तरंगतं, नुसत्या पाण्यावर भागत नाही, म्हणून दुसरी परीक्षा नाकाची. उघड्यावर, वारं बघून, नखाएवढा तुकडा जाळायचा आणि धूर लांबूनच हातानं जरासा नाकाकडे ओढायचा. विझलेल्या मेणबत्तीसारखा वास आला तर नळीचा माल. नाक झोंबलं तर पीव्हीसी. ते नळ्यांत मिसळलं की दुधात मिठाचा खडा पडलाच म्हणून समजा. मशीनच्या उष्णतेत ते आधी करपतं आणि सगळा माल नासवतं.

शेडातलं हे नाक म्हणजे माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते. निम्मा जन्म मेंढरांमागं गेलेला. कोकरू हुंगून ते कुठल्या मेंढीचं ते सांगायच्या, मग प्लास्टिकची काय कथा! दाराजवळ पोत्याची घडी टाकून त्या बसायच्या आणि त्यांनी मान हलवल्याशिवाय एक गोणी शिवली जायची नाही. आमच्या निवडणाऱ्या बाया मला एकवेळ उलटून बोलतील, पण त्यांना नाही.

मध्यंतरी त्यांना ताप आला. ताप गेला, पण जाताना नाक घेऊन गेला. हे त्यांनी मला सांगितलं नाही, मला दुधानं सांगितलं. मी अंगणात कपडे वाळत घालत होते आणि करपल्याचा वास तिथपर्यंत आला. धावत आत गेले तर आत्याबाई चुलीला पाठ करून खुशाल लसूण सोलत बसलेल्या.

"आत्याबाई, दूध करपायलंय की!"

त्या दचकल्या. पातेल्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"मला वासच येईना गेलाय गं," म्हणाल्या. "कुनाला सांगू नको. शेडातून उठवू नको मला. घरी बसून मी काय करू?"

ज्या बाईनं मला हे सगळं काम शिकवलं, तिनं माझ्यापुढं असं हात जोडल्यासारखं बोलावं? मला रडूच आलं. पण मी रडले की फार चिडकी होते.

"कोन उठवायलंय तुमाला? नाक गेलं तर जाऊ द्या चुलीत! डोळे हायेत ना?"

बोलून तर गेले. आता डोळ्यांनी वास कसा घेणार? बरं, सगळ्यात जास्त घोळ घालायचं ते बोअरच्या मोटारीच्या केबलचं साल. शेतकरी आतली तांब्याची तार काढून घेतो आणि रिकामं साल आमच्या पोत्यात कोंबतो. नळीसारखंच काळं, नळीसारखंच गोल, आणि निव्वळ पीव्हीसी. मी सालाचा आणि नळीचा असे दोन तुकडे घेऊन मोटार वायंडिंगवाल्याकडं गेले. तो हसला आणि त्यानं गॅसच्या जाळात तांब्याची तार लाल केली, सालाला टेकवली, पुन्हा जाळात धरली. जाळ हिरवागार झाला! दुसरी कोरी तार नळीच्या तुकड्याला लावली तर साधा पिवळा. जन्मभर ज्या सालात राहिली, त्याचीच चुगली ती तार करत होती.

मी तारेचा तुकडा आणि गॅसची छोटी शेगडी आणून आत्याबाईंपुढं ठेवली, बायांना सांगितलं, ही नाकाला जोड. त्यांचा हात लगेच बसला. एक खोड मात्र त्यांनीच पकडली. हिरवा जाळ दिला की तार तशीच दुसऱ्या तुकड्याला लावायची नाही. आधी तो हिरवा पुरता जळून जाऊ द्यायचा.

"तार उष्टी झाली," त्या म्हणायच्या. "एकाचं उष्टं दुसऱ्याच्या ताटात वाढतेत व्हय?"

तेव्हापासून उष्टी तार वापरणारी बाई आमच्या शेडात शिव्या खाते.

मग कारखान्याचे नवे सेठ आले. दर हंगामाला आमच्या नळ्या घ्यायच्या की नाही, हे ते ठरवणार होते. आत्याबाईंच्या नाकाची कीर्ती त्यांच्या कानावर गेलेली. आदल्या दिवशी मी आत्याबाईंना पढवून ठेवलं, "मेनाचा वास आला तर मी खोकीन, झोंबला तर शिंकीन. तुमी निस्तं बोलायचं." त्या हसल्या. हो म्हणाल्या नाहीत, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

सेठनी गोणीतली नळी काढून पाण्यात टाकली. बुडाली.

"ताई, हे काय? पीव्हीसी आहे हे."

"पीव्हीसी न्हाई, बोअरचं पानी हाय," मी म्हणाले. "आतून क्षार बसलेत. झटका आन मग टाका."

झटकून टाकली तर तरंगली, पण त्यांचा संशय काही गेला नाही. त्यांनी तुकडा जाळला, विझवला आणि आत्याबाईंच्या पुढं धरला. "आजी, तुम्ही सांगा."

मी घसा खाकरला.

"खोकू नको," आत्याबाई मोठ्यानं म्हणाल्या. "सेठ, मला वास येत न्हाई. तापात गेला. म्या डोळ्यानं बघून सांगते."

बाया निवडायच्या थांबल्या. मला वाटलं, संपलं. आत्याबाईंनी शांतपणे शेगडी पेटवली, केबलचं साल घेतलं आणि हिरवा जाळ दाखवला. सेठ खूश! म्हणाले, "द्या, मी करतो." तार घेतली आणि तशीच आमच्या नळीला लावून जाळात धरली.

हिरवा.

"आजी, तुमचाच माल खोटा निघाला," सेठ म्हणाले. "गाडी रिकामी जाऊ द्या."

आत्याबाई पोत्यावरून उठल्यासुद्धा नाहीत.

"सेठ, तार उष्टी हाय," म्हणाल्या. "आना हिकडं."

तार त्यांनी जाळात धरून ठेवली. हिरवा फिका झाला, मग गेला. तरी थांबल्या. मग त्याच नळीला टेकवली. जाळ पिवळा. सेठनी स्वतः गोणीच्या तळातून नळ्या उपसून दिल्या. पिवळा. पिवळा. पिवळा.

गाडी भरली. जाताना सेठनी तार मागितली.

"न्या की," आत्याबाई म्हणाल्या. "पन डोळे हितंच राहतेल." सेठ म्हणाले, यांनी बघितलेलाच माल पाठवा.

मी एवढी फुगले होते की घरी येईपर्यंत बडबडत होते. आत्याबाईंनी चुलीवर दूध ठेवलं आणि या खेपेला त्या समोर बसल्या, पातेल्यावर नजर रोखून. साय थरथरली तसं पातेलं उतरवलं.

"बघ, करपलं न्हाई," म्हणाल्या. मग हळूच, "आता वास कसा येयलाय, सांग की."

मी सांगितलं. दुधाचा, गोवरीच्या धुराचा, भिंतीच्या ओल्या सारवणाचा. त्या डोळे मिटून ऐकत होत्या.

"दुधाचा पुन्ना सांग," म्हणाल्या.