काळ्या ग्रॅनाईटचा हट्ट आणि बोटीवरचा ओटा

ओट्यावर मी नुसता हात टेकला, तर अंगठा आत गेला. वरचा सनमायका जागच्या जागी होता, पण खालच्या प्लायवूडचा भुसा झाला होता. त्याच ओट्यावर दोन बर्नरची शेगडी होती आणि शेगडीवर तेलाची कढई तापत होती.

"आधी गॅस बंद करा," मी म्हणाले.

"घाना टाकला हाय जी. भजे निघू द्या," सुलोचनाबाई म्हणाली.

मी स्वतःच हात घालून बटण बंद केलं. तिला राग आला. मलाही आला होता. उकळत्या तेलाची कढई कुजलेल्या लाकडावर ठेवून पाण्यावर फिरायचं म्हणजे हद्द झाली.

मी गोंदियाजवळ फुलचूरला मॉड्युलर किचनचं काम करते. ओटे, ट्रॉल्या, कपाटं. आजवर गोंदियातल्या फ्लॅटमध्ये, आमगावच्या बंगल्यात, एकदा तर मंगल कार्यालयातही ओटा बसवला, पण बोटीवर कधी नाही. सडक अर्जुनीच्या पुढे एका मोठ्या मामा तलावावर, म्हणजे जुन्या मालगुजारांनी बांधलेल्या तलावावर, नामदेवभाऊ आणि सुलोचनाबाई या नवरा-बायकोची जुनी लोखंडी बोट आहे. इंजिनची, वर छत, मधे बाकं, आणि मागे डाव्या अंगाला कपाटाएवढी सैपाकखोली. ती बोट त्यांनी दुसऱ्या कुठल्या धरणावरून जुनीच आणली होती, ओट्यासकट.

तलावावर आता नव्या स्पीडबोटी आल्यात. त्यांच्यापुढे ही बोट म्हणजे बैलगाडी. तरी हिवाळ्यात पक्षी बघायला येणारे लोक हिच्यातच बसायचे, कारण सुलोचनाबाईच्या हातचा मासोळीचा रस्सा आणि भात बोटीवर गरम मिळायचा. पण यंदा परवानगीवाले साहेब तपासणीला आले, त्यांनी ओट्यावर हात ठेवला आणि सांगून गेले: "हा ओटा बदला. मी पुढच्या सोमवारी येतो. तोवर बोटीवर गॅस पेटला तर परवानगी कायमची बंद." आणि बाई त्या ओट्यावर भजी तळत होती. सैपाक बंद म्हणजे बोट बंद, एवढं मला तिथे उभ्या उभ्या कळलं. म्हणून रागावूनही मी मापाची टेप बाहेर काढली.

"कोणता ओटा पाहिजे?" मी विचारलं.

"कारा ग्रॅनाईट," ती लगेच म्हणाली. उत्तर तयार होतं.

"ग्रॅनाईट बोटीवर चालत नाही."

"काऊन नाई चालत? गोंदियाले डॉक्टरच्या घरी मी कितीक वर्सं सैपाक केला. त्याईच्या घरी कारा ग्रॅनाईट होता. रोज घासून घासून आरशासारखा ठेवला मी तो. आता माया सोताचा ओटा करून राहिली, त मले तोच पायजे."

ते ऐकून माझा आवाज खाली आला, पण उत्तर तेच राहिलं. घरातला ओटा भिंतीवर आणि जमिनीवर भार टाकतो. बोटीला जमीनच नाही. ग्रॅनाईटची एक पाटी उचलायला आमची चार माणसं लागतात. तेवढं वजन कमरेच्या उंचीवर, तेही एकाच अंगाला, म्हणजे बोट त्या अंगाला कलणार. हे सगळं मी समजावून सांगितलं. बाई ऐकत होती आणि मान हलवत होती, पण नकाराची.

"भाऊ, तुम्ही तरी सांगा," मी नामदेवभाऊला म्हणाले.

"तुमा दोघींच्या मधात मी नाई पडत," तो म्हणाला आणि इंजिनाकडे गेला.

शेवटी मीच त्याला हाक मारली. त्याच्या धानाचा चुरणा, म्हणजे मळणी, नुकताच आटोपला होता आणि काठावरच्या खोलीत कट्टे रचून ठेवले होते. कट्टा म्हणजे आमच्याकडे धानाचं पोतं. म्हटलं, ग्रॅनाईटच्या वजनाएवढे कट्टे आणा आणि सैपाकखोलीत दोन स्टुलांवर फळी टाकून त्यावर ठेवा. सुलोचनाबाईने हट्टाने समोरच्या बाकावर पाण्याने भरलेला स्टीलचा गिलास ठेवला. तो जागचा हलला नाही, तर मी ग्रॅनाईट लावायचं, असं ठरलं.

शेवटचा कट्टा चढला तशी बोट डावीकडे झुकली. गिलास बाकावरून घसरत आला आणि खाली पडला. पाणी वाहत सैपाकखोलीच्या दारात गेलं.

तिने गिलास उचलला, पदराने पुसला. "उतरवा कट्टे," एवढंच म्हणाली. मला जिंकल्यासारखं अजिबात वाटलं नाही.

मग स्टीलचा ओटा ठरला. खाली पाण्याला दाद न देणारं मरीन प्लाय, वर स्टेनलेस स्टीलचा पत्रा. "हाटेलासारखा दिसन," ती कुरकुरली. मी म्हटलं, दिसू दे.

माझे सुतार बिसेनजी तेव्हा गावी धानाच्या मागे होते. दिवाळीनंतर गोंदिया जिल्ह्यात सुतार, पेंटर, प्लंबर सगळे आधी शेतकरी असतात. फोनवर गोड बोलून झालं, मग ओरडून झालं, तेव्हा ते आले. आल्या आल्या त्यांनी सवयीने लेव्हल काढली. लेव्हल म्हणजे काचेच्या नळीत पाणी आणि त्यात हवेचा बुडबुडा असतो ती पट्टी. बुडबुडा मधे आला की पृष्ठभाग सपाट.

"मॅडम, बुडबुडा रुक ही नहीं रहा," थोड्या वेळाने बिसेनजी म्हणाले.

तो थांबणार कसा? कोणी बोटीत चढलं की बुडबुडा इकडे, उतरलं की तिकडे. मी लेव्हल त्यांच्या हातातून घेतली आणि पिशवीत टाकली. ठरवलं की बोटीचा तळ हीच आपली जमीन. सगळी उंची तळापासून टेपने मोजायची. भिंतीही सरळ नव्हत्या, बोटीच्या पोटासारख्या गोल होत्या. म्हणून फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा आणला, भिंतीला लावून कापत कापत बसवला आणि तोच फर्मा गोंदियाच्या फॅब्रिकेटरकडे द्यायचं ठरलं. फॅब्रिकेटर म्हणजे पत्रा वाकवून वेल्डिंग करणारा.

जुना ओटा काढला तेव्हा खरी गोष्ट समोर आली. प्लाय सगळीकडे सारखं कुजलेलं नव्हतं. सिंकभोवती आणि मागच्या कडेला भुसा, बाकीचं धडधाकट. तलावाचं पाणी तिथवर पोचतच नव्हतं. मग हे पाणी आलं कुठून?

"ओटा साफ कसा करता?" मी विचारलं.

"कसा म्हंजे? धुतो ना जी. सैपाक झाला का बकेटभर पानी टाकतो."

"इथून पुढे ओल्या फडक्याने पुसायचा."

"मासोयीचा ओटा पुसायचा?" तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला पारोशाने देवपूजा करायला सांगितली होती. "पुसलेल्या ओट्यावर मी उद्याचा चहा मांडनार नाई."

"मग हाही कुजेल."

"मंग तुमी कायले आल्या?"

मी फर्मा गाडीत टाकला आणि निघाले. गोंदियाच्या वाटेवरचं गोरेगाव येईपर्यंत मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते. मग आठवलं की त्याच सकाळी मी माझा स्वतःचा ओटा घासून, पाणी ओतून, वायपरने ओढून मग घराबाहेर पडले होते. मला कोणी सांगितलं असतं की आजपासून नुसता पुसायचा, तर मी त्याला दाराबाहेर काढलं असतं. या भागातली कुठलीही बाई ओटा धुणारच. चूक धुणारीची नव्हती. ज्याने तो ओटा बनवला त्याने पुसणारी बाई डोळ्यासमोर ठेवली होती.

फॅब्रिकेटरकडे बसून मी डिझाईन बदललं. ओटा आणि सिंक एकाच पत्र्याचे, मधला सांधा वेल्डिंगने बंद. चारही बाजूंनी परातीसारखा उभा काठ, म्हणजे भांडी घसरणार नाहीत आणि पाणी मागे उतरणार नाही. सिंक आतल्या बाजूला, त्यामुळे ओट्याला बाहेरच्या भिंतीकडून सिंककडे हलका उतार. सिंकचा पाईप खाली एका मोठ्या कॅनमध्ये. तलावात नाही, कारण त्याच पाण्यावर गावाचं धान पिकतं आणि गुरं पितात. कॅन काठावर नेऊन रिकामा करायचा. फॅब्रिकेटर म्हणाला, "मॅडम, टाईम लगेगा." मी त्याच्या दुकानात खुर्ची टाकून बसले. एवढ्या गिऱ्हाइकांसमोर बाईमाणूस असं ठाण मांडून बसलं की काम लवकर होतं.

ओटा रविवारी बसला. फर्मा तंतोतंत उतरला होता. बिसेनजी खुश, मी खुश. "टाका पाणी," मी सुलोचनाबाईला म्हणाले.

तिने बादली ओतली. पाणी सिंककडे गेलं, अर्धंच. उरलेलं बाहेरच्या कोपऱ्यात जाऊन साचलं आणि तिथेच बसलं.

बिसेनजींनी माझ्याकडे पाहिलं. उतार मापाप्रमाणे होता, आम्ही पुन्हा मोजला. मग मी काठावर उतरून लांबून बोट पाहिली. ती उभ्या उभ्याच डावीकडे जराशी कलली होती. सिलिंडर डावीकडे, भांडी डावीकडे, आता कॅनही डावीकडे. जुन्या ओट्याच्या वेळीही ती अशीच असणार, पण कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. आमचा उतार त्या कलण्याने खाऊन टाकला होता.

ओटा परत काढून उतार वाढवायला वेळ नव्हता. साहेब दुसऱ्या दिवशी येणार होते. सुलोचनाबाई खाली बसली. "झालं मंग," ती हळूच म्हणाली. "पोटावर पाय आला." तिच्या तोंडून ते ऐकवलं नाही. म्हटलं, मी इथून ओटा बरोबर झाल्याशिवाय जाणार नाही.

ओटा हलवता येत नसेल तर बोट सरळ करायची. उजव्या अंगाला, अगदी तळाशी, वजन पाहिजे. धानाचे कट्टे ठेवले तर भिजून फुगतील. दगड गडगडतील. सपाट, जड, पाण्याला न भिणारं असं काही तरी हवं होतं. आणि तसलं सामान माझ्या फुलचूरच्या अंगणात भिंतीला टेकून पडलेलं होतं. सिंकसाठी ओट्याला भोक पाडतात, तेव्हा मधला चौकोन उरतो. घरमालक तो नेत नाहीत, आम्हाला टाकवत नाही. असे चौकोन माझ्याकडे साठले होते. बहुतेक सगळे काळेच.

मी फोन केला, टेम्पो आला. बिसेनजींनी उजव्या बाकाखाली पक्की चौकट केली आणि तळालगत तुकडे एकावर एक बसवून वरून पट्ट्या मारल्या, हलू नयेत म्हणून. बोट सरळ येईपर्यंत एकेक तुकडा वाढवत गेलो. सगळ्यात वर पॉलिश केलेला एक चांगला तुकडा आला, बाकापासून थोडा पुढे, बसक्या पाटासारखा.

सुलोचनाबाई वाकून बघत होती. "हा त कारा ग्रॅनाईट होय जी."

"बोट सरळ राहायला लागतो," मी म्हणाले. "नाइलाज आहे."

तिने तळहाताने तो पुसला, पुन्हा पुसला. मग उठली आणि ओट्यावर बादली ओतली. पाणी कोपऱ्यातून निघालं, सरळ सिंकमध्ये गेलं आणि खाली कॅनमध्ये वाजलं. मी ओट्याखाली हात घालून पाहिला. कोरडा होता.

सोमवारी साहेब आले. त्यांनी ओट्यावर अंगठा दाबला, शेगडी हलवून पाहिली, पाईप पाहिला. मग नजर उजवीकडे गेली. तिथे सुलोचनाबाई मांडी घालून काळ्या दगडावर नागपूरच्या पाहुण्यांसाठी पोळ्या लाटत बसली होती.

"हे ग्रॅनाईट कशाला? बोटीवर वजन कमी पाहिजे. काढून टाका."

मी तोंड उघडायच्या आत तीच बोलली. "काढता येत नाई, साहेब. त्याच्याबिगर बोट सिदी राहत नाई. मॅडमले विचारा."

साहेबांनी मला विचारलं. मी त्यांना काठावर नेऊन सरळ उभी बोट दाखवली. सैपाकाची परवानगी मिळाली.

तेव्हापासून कुठलाही ओटा घेतला की मी आधी विचारते, हा रोज साफ कोण करणार आणि कसा. मग माप घेते. आणि बोटीवर ग्रॅनाईट चालत नाही, हे मी आजही सगळ्यांना ठामपणे सांगते. फक्त सुलोचनाबाईसमोर सांगत नाही.