घरची पेटी

मी मुळातला भित्रा. इंदापुरात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या काउंटरवर बसतो आणि अंथुर्णे गावातल्या घरी पत्रा-प्लास्टिकची वीतभर वाहनं बनवतो. बायको म्हणते, दिवसभर मोठ्या ट्रॅक्टरांनी मन भरत नाही म्हणून घरी धाकटे पाळलेत.

फोटो काढायचा म्हटलं की मात्र सगळी मेहनत पाण्यात. घरातल्या बल्बखाली माझा पांढराशुभ्र दुधाचा टँकर पिवळट यायचा. हौशी मंडळींच्या गटावर एकानं विचारलंच, "टँकरला कावीळ झालीय का?" डोकं फिरलं. कूलरचं मोठं खोकं घेतलं, दोन्ही बाजूंना आणि वर खिडक्या कापल्या, त्यांवर बटर पेपर चिकटवला. आत मागच्या बाजूनं खालपर्यंत पांढरा कार्डशीट वाकवून बसवला, म्हणजे कोपरा दिसत नाही. बाहेरून पांढऱ्या उजेडाचे बल्ब. आता पांढरं ते पांढरं आणि लाल ते लाल दिसू लागलं. घरात त्या खोक्याला सगळे 'पेटी' म्हणायचे.

त्याच सुमारास मुलगी झाली. बायकोला आई नाही, त्यामुळं बाळंतपण आमच्याकडंच. बारामतीच्या दवाखान्यातून सोडताना डॉक्टर म्हणाले होते, "पिवळेपणा वाढला तर लगेच आणा, पेटीत उजेडाखाली ठेवावं लागेल." हे ऐकून माझ्या आईचा चेहरा उतरला. गावात कुणाचं मूल पेटीत ठेवलंय म्हटलं की बायका आवाज खाली घेतात. आईपासून तोडलेलं मूल, काचेतलं, त्याला कुणी हातही लावायचा नाही.

बाळंतिणीची खोली आईनं तिच्या पद्धतीनं लावली होती. वारा लागू नये म्हणून खिडक्या बंद, कोपऱ्यात शेगडी, वर एकच पिवळा बल्ब. बाळाला आंघोळीआधी डाळीचं पीठ आणि हळद. मी रोज विचारायचो, "पिवळी दिसतेय का गं?" आई म्हणायची, "हळदीचा रंग हाय त्यो. उगं जिवाला घोर लावून घिऊ नगंस."

एका दुपारी कामात मन लागेना, म्हणून लवकर घरी आलो. बायकोला ग्लानी येऊन झोप लागली होती. पडवीत पेटीचे दिवे चालू होते. मला वाटलं, आईनं झाडताना बटण दाबलं असेल. जवळ गेलो. टँकर जमिनीवर काढून ठेवलेला आणि त्याच्या जागी, कार्डशीटवर, माझी मुलगी उघडी निजवलेली. आई शेजारी बसून बल्बची धग तळहातानं अजमावत होती.

मला आधी दिसली ती वायर. जोड मी नुसत्या चिकटपट्टीनं गुंडाळले होते. प्लग उपटायला धावलो आणि आईवर इतका ओरडलो, की शेजारची कुत्री भुंकायला लागली.

आई गांगरली. "उजेडच द्यायचा असतो न्हवं? मग हितंच दिऊ म्हटलं. तितं कशाला न्यायची लेकराला?"

प्लगवरचा माझा हात तसाच राहिला, कारण तेवढ्यात मी बाळाकडं नीट पाहिलं. खाली पांढरा कागद आणि त्यावर ती. पिवळी. तोंड, छाती, पोट, मांड्या, पार तळपाय. माझ्या पेटीत रंग खोटा दिसत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"हळद लावलीस आज?"

"न्हाय रं. आज आंगूळच न्हाय घातली. सकाळधरनं जागीच हुईना, दूधबी पिईना. म्हणून तर..."

मी तळपायावर टिचकी मारली. पाय जरासा हलला. डोळे उघडले नाहीत. मी शेजाऱ्यांच्या दाराकडं धावलो.

शेजाऱ्यांनी गाडी काढली, मी त्यांच्या बाजूला बसलो. मागं बायको बाळाला घेऊन, तिच्या शेजारी आई. पुढून उसाचा ट्रक आला की मी डोळे मिटायचो. बायको रडत नव्हती. ती वेड्यासारखी बाळाच्या तळव्यांवर टिचक्या मारत होती आणि म्हणत होती, "झोपू नकोस, बाई, झोपू नकोस." बारामतीचा रस्ता मला इतका लांब कधीच वाटला नव्हता.

डॉक्टरांनी बाळाच्या छातीवर अंगठा दाबून पाहिला आणि लगेच नर्सला हाक मारली. रक्त तपासल्यावर म्हणाले, "कावीळ फार वाढलीय. संध्याकाळपर्यंत उतरली नाही तर रक्त बदलावं लागेल. मेंदूला धोका असतो." मेंदू हा शब्द ऐकल्यावर पुढचं मला काही कळलं नाही. काचेतून पाहिलं तर निळा उजेड, डोळ्यांवर पट्टी आणि श्वासानं वरखाली होणारं एवढंसं पोट. तो श्वास थांबेल म्हणून मी काचेपासून हलेना.

आई बाकाच्या कडेला अंग चोरून बसली होती. तिनं विचारलं, "मी केलं का रं हे?"

"नाही गं. तुझ्यामुळं तर दिसलं. तू तिला उजेडात ठेवलं नसतंस, तर आपण हळदच म्हणत बसलो असतो."

"व्हय?"

"होय."

तिचा विश्वास बसला नाही. दुपारचं माझं ओरडणं तिच्या कानात अजून असावं.

दिवस मावळताना दुसरा रिपोर्ट आला. आकडा उतरला होता. रक्त बदलायची गरज नाही, पण रात्रभर उजेडात ठेवू, असं डॉक्टर म्हणाले. पाजायला म्हणून नर्सनं बायकोला आत बोलावलं. मी आईला म्हणालो, "चल, दारातनं बघ तरी."

"नगं. माझा हात नगं लागाया तिला."

मी तिचा हात धरला. तो थंडगार पडला होता. एवढ्यात आतून रडणं ऐकू आलं. आधी चिरकं, मग चांगलं सणसणीत. नर्स दार लावायला पुढं झाली, तशी आई ताडकन उठली.

"नगं लावू, बाई," ती म्हणाली. "रडू दे तिला. मला ऐकू दे."