उष्टी पूड

उष्टं मला चालत नाही. भावाच्या ताटातला घासही मी कधी घेतला नाही. घरात यावरून माझी भरपूर थट्टा होते, पण याच खोडीपायी माझी पीएचडी बुडायची वेळ आली होती.

बेळगावच्या प्रयोगशाळेत मी शेंगतेलापासून बायोडिझेल करत होते. तेलात मिथेनॉल घालायचं आणि क्रिया घडवून आणायला भट्टीत भाजलेल्या चुन्याची पूड. ही पूड तेलात विरघळून जात नाही. काम झालं की गाळायची आणि पुन्हा वापरायची. सारी मदार त्या 'पुन्हा'वर. पहिल्या खेपेला झकास डिझेल निघायचं, दुसऱ्या खेपेला मात्र साबणाचा लगदा. असे कित्येक महिने गेले. शेवटी माझ्या गाईड बाईंनी शांतपणे विचारलं, "एकदाच चालणारी पूड घेऊन तू प्रबंधात लिहिणार काय?" निपाणीला घरी गेले आणि अण्णाला, माझ्या थोरल्या भावाला, सांगून टाकलं की मी हे सोडतेय.

अण्णा तेव्हा गोठ्याच्या भिंतींना लावायला चुना भिजवत होता. पिंपात कळीच्या चुन्याचे, म्हणजे भाजलेल्या चुन्याचेच, खडे होते. त्यानं वरून पाणी ओतलं तशी फसफसून वाफ आली. "लांब हो गं, डोळ्यात उडंल," तो म्हणाला. मी हललेच नाही. खडे फुटून त्यांचं पीठ होत होतं आणि मला माझाच भयंकर राग येत होता. वापरलेली तेलकट पूड उष्टी वाटते म्हणून दरवेळी मी ती पाण्यानं धुऊन, वाळवून घेत होते! पाणी लागलं की भाजलेला चुना भाजलेला राहत नाही, हे तर शाळेतलं. त्यातून उरलेली ओल तेलाचा साबण करायला पुरेशी होती. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी त्याला सोलून काढलं असतं.

परत गेल्यावर पूड गाळली, थोड्या मिथेनॉलनं खंगाळली आणि तशीच पुढच्या तेलात टाकली. हात शिवशिवत होते, पण पाण्याला शिवले नाही. सकाळी वर पिवळंधमक डिझेल होतं आणि खाली ग्लिसरीन बसलं होतं. माझा जीव भांड्यात पडला. पुढच्या खेपेलाही तेच. बाईंनी बाटली खिडकीशी धरून बघितली आणि लिहायला घे म्हणाल्या.

व्हरांड्यात येऊन मी अण्णाला फोन लावला. "सुटलं रे एकदाचं," एवढंच तोंडातून निघालं. त्याला वाटलं, पीएचडी सुटली.

"असू दे गं," तो म्हणाला. "घरी ये तू."

मला रडू फुटलं होतं आणि हसूही आवरत नव्हतं. त्याला खरं काय ते सांगायला बराच वेळ लागला.