घोंगडीचं दुसरं पेज

नोकरीत तपासलेल्या बऱ्याच गुन्ह्यांचे तपशील आता पुसट झाले आहेत, पण घोंगडीच्या त्या प्रकरणाचा पहिला दिवस मला अजून क्रमानं सांगता येतो. निवृत्तीला दोन वर्षं बाकी होती आणि जालना जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा मी प्रभारी होतो.

सकाळची हजेरी संपून बंदोबस्ताची वाटणी चालू होती, तेवढ्यात एक निवृत्त शिक्षक पत्नीला घेऊन ठाण्यात आले. नाशिकहून भाड्याच्या गाडीनं आले होते. त्यांनी माझ्या टेबलावर एक पार्सल उघडलं. आत यंत्रावर निघालेलं पातळ, गुळगुळीत काळं ब्लँकेट होतं.

“हातमागाची घोंगडी म्हणून हे पाठवलंय,” ते म्हणाले. “वडील अंथरुणाला खिळलेत, त्यांना हवी होती. आता फोन लावतोय तर नंबर ब्लॉक.”

त्यांनी इन्स्टाग्रामवर एका म्हातारीचा लोकर कातण्याचा व्हिडिओ पाहिला होता. त्याखालची लिंक दाबली की ऑनलाइन दुकान उघडत होतं. दुकानावर आमच्याच हद्दीतल्या, तीर्थपुरीच्या पुढच्या एका गावाचं आणि तिथल्या एका बाईचं नाव होतं. त्याच आठवड्यात दुसऱ्या जिल्ह्यांतून असेच अर्ज आमच्याकडे वर्ग झाले होते, आणि सगळ्यांत तेच नाव होतं. मी स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि महिला शिपायाला घेऊन निघालो. बाईचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा असतो.

घर मेंढपाळाचं. मेंढरं आता थोडीच उरली होती. सासू लोकर कातायची, सासरा मागावर विणायचा, आणि घोंगडीला चिंचोक्याची खळ द्यायचं काम सुनेकडे. सून तिशीची, बारावी शिकलेली. पूर्वी हे लोक आठवडी बाजारात घोंगड्या घेऊन बसत. सुनेनं मोबाइलवर मेंढरांच्या कातरणीपासून खळ वाळेपर्यंतचं सगळं दाखवायला सुरुवात केली. कुणी काही विचारलं की ती स्वतः उत्तर द्यायची. वर्षभरात माल बाजारात न्यायची गरज राहिली नव्हती.

मला वाटलं होतं बाई घाबरेल. ती रागावलेली होती.

“ते पेज माझं न्हाई, साहेब. नीट बघा. नावात कुणीतरी एक अक्षर जास्तीचं घातलंय.”

मी पाहिलं. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका ‘ए’च्या जागी दोन होते. अर्ज वाचताना ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

“मग तुम्ही तक्रार का दिली नाही?” मी विचारलं.

“आल्ते की ठाण्यात, गेल्या महिन्यात. तुम्हीच व्हता खुर्चीवर. म्हणलात, रीलच्या भांडणात पोलिसांचा टाइम खराब करू नका.”

महिला शिपाई जमिनीकडे पाहू लागली. मला तिचं ते येणं आठवलं. तिच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद होते. ते दाखवा, असं मी म्हणालो नव्हतो.

“लोक गाड्या करून दारात येऊन शिव्या देऊन राह्यले,” ती म्हणाली. “गावात म्हणतेत, मेंढक्याच्या सुनेनं दुनिया लुटली. मामंजींनी आठ दिवस झाले मागाला हात लावला न्हाई.”

मी त्या दिवशी माफी मागितली नाही. तपासाला लागलो.

सायबर शाखेला पत्र गेलं. खोट्या पेजचं सिम परराज्यातल्या कुणाच्या तरी नावावर निघालं, आणि कंपनीकडून माहिती यायला वेळ लागणार होता. तोवर महिला शिपायानं एक साधं काम केलं. दोन्ही पेज उघडून तिनं एकेक व्हिडिओ जुळवला. खोट्या पेजवरचे सगळे व्हिडिओ बाईच्या पेजवरून उचललेले होते, एक सोडून. त्यात म्हातारी लोकर कातायच्या चातीवरून नजर काढून खळखळून हसत होती आणि मूळ आवाजाच्या जागी एक गाणं लावलं होतं.

तो पाहून सून चमकली. “ह्यो मी टाकलाच न्हाई कुठं. सासूबाईंच्या तोंडातून हसण्या-हसण्यात मामंजींचं नाव गेलं त्याच्यात. मंग त्याच म्हणल्या, माय, ह्यो कुणाला दाखवू नको.”

“मग हा बाहेर गेला कसा? फोन कुणाच्या हातात दिला होता?”

तिनं आठवून सांगितलं. स्क्रीन फुटल्यावर फोन दोन दिवस बाजारपेठेतल्या एका दुकानात दुरुस्तीला होता. लॉक काढायचं पॅटर्नही तिनंच सांगितलं होतं.

दुकानदार चाळिशीचा, नीटनेटका माणूस होता. नोटीस मिळताच तो वेळेवर हजर झाला आणि आल्याआल्या सगळ्यांना रामराम केला. गुन्हा अंगावर असलेला प्रत्येक माणूस थरथरत येतो, हा समज चुकीचा आहे. काही जण फार नीट वागतात. मी आवाज चढवला नाही. व्यवसायाबद्दल विचारलं. तो मोकळा होत गेला. जाहिरात कुणाला दाखवायची, पहिल्या तीन सेकंदांत काय असावं, हे त्यानं मला समजावून सांगितलं.

“साहेब, लोक माल बघून घेत न्हाईत,” तो म्हणाला. “माणूस बघून घेतेत.”

मी तो हसणारा व्हिडिओ त्याच्यापुढे धरला. “हा आमच्याकडे तक्रारीत आलाय. म्हातारी एवढी कशाला हसते, काही कळत नाही.”

तो सहज म्हणाला, “नवऱ्याचं नाव घेतलं ना तिनं. लाजून राह्यली.”

“यात तर गाणं आहे. तिचं बोलणं तुम्ही कुठं ऐकलं?”

त्यानं खुर्ची थोडी मागं सरकवली. पाणी मागितलं. ते पिऊन झाल्यावर म्हणाला, “गलती झाली, साहेब.”

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. म्हणून पंच बोलावले. दुकानामागच्या खोलीत त्यानं स्वतः पत्रा सरकवून ब्लँकेटचे गठ्ठे काढून दिले. लॅपटॉपमध्ये मूळ व्हिडिओ आवाजासकट होता. पंचनामा करून मुद्देमाल सील केला. फसवणूक आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं लागली, आणि पुढे तो दोषी ठरला.

कागदावर प्रकरण तिथं संपलं. पण अटकेनंतर पंधरा दिवसांनी ती बाई सासूला घेऊन ठाण्यात आली. खोटं पेज बंद झालं होतं, तरी खऱ्या पेजखाली लोक तिलाच चोर म्हणत होते. एकही मागणी येत नव्हती.

“मी कितीबी सांगितलं तरी लोकांना खरं वाटंना,” ती म्हणाली. “तुम्ही दोन शब्द बोलता का माझ्या व्हिडिओत? वर्दीत.”

मी नियम सांगू लागलो, परवानगी लागते म्हणालो. तेव्हा सासू बोलली. “लेकरा, ती पहिल्या बारीला आल्ती तवा तुम्ही ऐकलं न्हाई. आता तरी ऐका.”

मी टोपी घातली आणि ठाण्याच्या पायऱ्यांवर उभा राहिलो. सुनेनं मोबाइल धरला. मी म्हणालो, “या बाईंनी कुणालाही फसवलेलं नाही. फसवणूक यांचीच झाली. त्या आमच्याकडे सगळ्यांत आधी आल्या होत्या. मी त्यांची तक्रार घेतली नाही. ती चूक माझी होती.”

तो व्हिडिओ फार दूरवर गेला. वरिष्ठांनी लेखी खुलासा मागवला, तो मी दिला. सेवापुस्तकात समज दिल्याची नोंद झाली.

या प्रकरणानं मला पेज, लिंक आणि लाइकच्या भाषेतलं थोडंफार शिकवलं, पण ते शिपायांना माझ्यापेक्षा जास्त येत होतं. मी शिकलो ते वेगळं. तोवर चोरी म्हटलं की मी फुटलेलं कुलूप शोधायचो. माणसाचा चेहरा, त्याचं हसू, त्याचं नाव चोरीला गेलं की दार शाबूत असतं, आणि तक्रार द्यायला आलेलं माणूस आपल्याला रिकामटेकडं वाटतं. शेवटच्या दोन वर्षांत माझ्या ठाण्यात कुणी पिशवीत कागद घेऊन आलं, की मी आधी खुर्ची द्यायचो आणि कागद स्वतः बाहेर काढायचो. त्यातले निम्मे अर्ज आमच्या कामाचे नसायचे. वाचायचो मात्र सगळे.