दिवाळीआधीची फेरी

वाणगावजवळच्या दवाखान्यात मी देवी टोचणारा म्हणून रुजू झालो, त्या दिवशी डॉ. नारायणरावांनी, म्हणजे आपल्या भाऊंनी, नाव विचारण्याआधी विचारलं, "जेवलात का?" त्यांच्या साठीनिमित्ताच्या या अंकात लिहायला मी काही लेखक नव्हे, पण भाऊंची बोलणी माझ्याइतकी कुणी खाल्ली नसतील, एवढाच माझा अधिकार.

भाऊ मूळचे एडवणच्या बागायतदार घरातले. डोंगरातले लोक त्यांचे ना नात्याचे ना गोत्याचे. पण रांगेत कातकरी बाई आधी आली असेल, तर मागचे शेठजी कितीही खाकरोत, भाऊ मान वर करीत नसत.

देवीची फेरी थंडीत काढायची, असा वरचा हुकूम होता. एका पाड्यावर मी सलग दोन वर्षं गेलो, रिकाम्या झोपड्या पाहिल्या आणि वहीत 'लोक गैरहजर' लिहून मोकळा झालो. भाऊंनी वही मिटली. "गैरहजर ते, की आपण?" भादव्यात चिखल तुडवत ते मला पाड्यावर घेऊन गेले. तिथल्या जिवलीबाईंनी आम्हांला झोपडीच्या दारातच अडवलं. त्यांचा थोरला मुलगा आदल्या हिवाळ्यात, सारं घर गवत कापायला बाहेरगावी गेलं असताना देवीनं दगावला होता. कडेवर धाकटी होती. "आमी दिवाली झाली का गवताला जातू. तुमी मंगच येता. आमाना कोनी इचारलाच नाय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फेऱ्यांचा बेत ठरवणाऱ्या पुढच्या बैठकीला भाऊंनी जिवलीबाईंना नेऊन शेजारच्या खुर्चीवर बसवलं. वरून आलेल्या साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "ज्यांच्यासाठी बेत, त्यांना विचारायला नको?" भाऊ एवढंच म्हणाले. हुकूम काही बदलला नाही. भाऊंनी मात्र दिवाळीआधीच फेरी काढली आणि खुलासा मागणाऱ्या पत्राला शांतपणे उत्तर दिलं. नोकरी जाईल म्हणून मी घाबरलो होतो, हे कबूल करतो.

त्या हिवाळ्यात गवताच्या मुक्कामांवर पुन्हा देवी आल्या. लोक गवताहून परततात त्या शिमग्यापर्यंत भाऊंना घास गोड लागला नाही. मग एके सकाळी जिवलीबाई धाकटीला घेऊन दवाखान्यात आल्या. "डागतर, पाड्याची समदी पोरां परत आलीत." भाऊ उठले आणि आमच्याकडे पाठ करून, आधीच नीट असलेल्या बाटल्या पुन्हा नीट लावू लागले.

भाऊ, आता विश्रांती घ्या असं तुम्हांला सगळे सांगतील. मी सांगणार नाही. तुम्हांला निरोगी आणि लांबलचक आयुष्य लाभो. ती पोरं मोठी होतील, त्यांनाही पोरं होतील. त्यांना टोचायलाही तुम्हीच या.